पागुमेची सतरा तारीख

मी एवढंच विचारलं होतं, की आपल्या बसची तिकिटं मोबाइलवर कधीपासून निघतील. त्यावर वुबशेत आणि नाओलनं जे भांडण उकरून काढलं, ते मिटायच्या आत नेहासे महिना अर्धा सरला.

आदिस अबाबाहून देस्येला जाणाऱ्या गाड्या आमच्या. मालक माझे वडील. अख्खं बसस्टँड त्यांना आदरानं गाशे देमिसेव म्हणतं, मी अब्बाये म्हणते. तिकीटखिडकी मी सांभाळते. खिडकीवर अब्बायेंनी पाटी लावलीय: ‘विकलेलं तिकीट म्हणजे दिलेला शब्द.’ नवं वर्ष जवळ आलं की सगळं शहर गावाकडं पळतं आणि माणसं एकमेकांच्या खांद्यावर चढायची तेवढी बाकी राहतात. मी म्हटलं, तिकिटं मोबाइलवर आणू. अब्बाये म्हणाले, “आण. नव्या वर्षाआधी चालवून दाखव, कारभार तुझ्या हाती देतो. नाहीतर तुझ्या भावाला बोलावतो.”

माझ्या भावाला बसचं पुढचं तोंड कुठलं आणि मागचं कुठलं एवढंच कळतं. पण मुलगा ना तो!

म्हणून हे दोघे प्रोग्रॅमर आणले. दोघंही हुशार, त्याबद्दल वाद नाही. बाकी सगळ्याबद्दल वाद. वुबशेत म्हणायचा, फ्रेमवर्क घेऊ. लॉगिन, फॉर्म, तारखा, सगळं आयतं असतं, आपण फक्त जोडायचं. नाओल म्हणायचा, आयतं काही नको, सगळं पायथनमध्ये स्वतः लिहू, म्हणजे ओळ न् ओळ आपल्या ओळखीची राहील.

“भाड्याच्या घरात खिळा ठोकायलासुद्धा मालकाला विचारावं लागतं,” नाओल म्हणाला.

“आणि तू विटा भाजेपर्यंत माणसं पावसात उभी,” वुबशेत म्हणाला.

कॉफीची पहिली फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी आशीर्वादाची असते, तीही झाली. आशीर्वाद कुणालाच लागला नाही. शेवटी मी विचारलं, “ते फ्रेमवर्क कशात लिहिलंय?”

“पायथनमध्येच,” दोघं एकदम म्हणाले.

“म्हणजे एक म्हणतो दुकानातून तयार इंजेरा आणू, दुसरा म्हणतो तेफचं पीठ आणून घरी भाजू. पीठ तर एकच! मग कशाला जीव खाताय मेल्यांनो? इथं मी उपाशी बसलेय!”

“इतकं सोपं नसतं ते, सेब्ले.” हेही दोघं एकदम म्हणाले. त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्याविरुद्ध.

मी तयार इंजेरा घ्यायचं ठरवलं. नाओल गाल फुगवून बसला. वुबशेतनं मात्र खरंच भराभर जोडलं, आणि नेहासे संपता संपता सगळं उभं राहिलं. मी खिडकीपुढच्या गर्दीला बोलावलं, अब्बायेंच्या हातात मोबाइल दिला.

“पहिली जादा गाडी,” अब्बाये म्हणाले. “पागुमेची तीन तारीख.” आणि त्यांचा अंगठा यादीवरून फिरू लागला. हामले. नेहासे. मग थेट मेस्केरेम, नवं वर्ष. “पागुमे कुठाय?”

वर्षाच्या शेवटी उरतात त्या पाच दिवसांचा महिना! सगळी गर्दी त्या पाच दिवसांतच तर असते. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात. आमच्या नशिबी उलटंच आलं, तेरावा महिनाच गायब.

“फ्रेमवर्कमध्ये बारा महिन्यांची यादी तयार होती,” वुबशेत पुटपुटला. “मी नुसती नावं बदलली.”

नाओल फिदीफिदी हसला. त्यानं हट्टानं स्वतःचंही एक लिहून ठेवलं होतं, ते मला ठाऊक होतं. मी त्याचा लॅपटॉप ओढून बघितला. तिथंही बाराच.

“सवयीनं झालं,” तो म्हणाला.

“अरे, दरवर्षी पागुमेत आईकडं जातोस ना तू? का उडत जातोस?”

अब्बाये कागदी तिकिटं काढायला उठले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. मी म्हटलं, दुपारपर्यंत थांबा. तेवढ्यात या दोघांचं पुन्हा सुरू, फ्रेमवर्कच्या आत हात घालायचा की नवं लिहायचं! माझं डोकंच फिरलं. दोघांना रिकाम्या गाडीत कोंबलं आणि सांगितलं, पागुमे घेऊनच खाली उतरा.

दुपारी पागुमे मोबाइलवर आला, दोघं अजून गाडीतच. तीन तारखेचं तिकीट झटक्यात निघालं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण अब्बायेंचा अंगठा थांबेना. पाच. सहा. सात. थेट तीसपर्यंत. शहाण्यांनी तीस दिवसांचा नेहासे उचलून नाव बदललं होतं.

“छान,” अब्बाये म्हणाले. “मग ठरलं पोरी. पागुमेच्या सतरा तारखेला कारभार तुझ्या हाती.”

माणसं पोट धरून हसली. माझे कान तापले. त्या दोघांचा राग होताच, पण अब्बायेंचा जास्त आला. उन्हापावसात खिडकी मी सांभाळायची, आणि मला न येणाऱ्या दिवसाचा वायदा?

मी मोबाइल घेतला. प्रवासी, गाशे देमिसेव. तारीख, पागुमे सतरा. जागा, चालकामागची पहिली. बटण दाबलं. खिडकीतल्या यंत्रातून तिकीट छापून आलं, ते त्यांच्यापुढं ठेवलं.

“कंपनीनं विकलंय, अब्बाये. गाडी, तारीख, जागा, सगळं पक्कं. आता एकतर पागुमेला सतरा तारीख आणा, नाहीतर शब्द मोडला म्हणून ती पाटी उतरवा.”

हसणं थांबलं. अब्बायेंनी तिकीट वाचलं, मग मान वर करून पाटी वाचली, जणू दुसऱ्या कुणी लावली होती. तिकिटाची घडी करून खिशात घातली, किल्ल्यांचा जुडगा काढून माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, “पंचवीस दिवस कमी कर आधी.”

तेवढ्यात त्या गाडीतून आवाज आला, “मी म्हणत होतो ना, स्वतः लिहिलं असतं तर...”

मालकीण म्हणून मी पहिला हुकूम सोडला: गाडीचं दार बाहेरून लावून घ्या.