दहा किलोमीटर तीनशे ऐंशी मीटर

मोजचाक पुन्हा थांबलं, तशा मागून चालणाऱ्या बाईही थांबल्या.

“आता काय झालं?”

“बुटात खडा गेलाय,” मोजणीदार म्हणाला.

त्याने चाकाचा दांडा रस्त्याकडेच्या दगडाला टेकवला, बूट काढला आणि उलटा करून झटकला. खड्याबरोबर मूठभर लाल धूळही पडली. तेवढ्यात बाईंनी छत्री काखेत धरून चाकावरच्या छोट्या खिडकीतला आकडा वाचला आणि वहीत लिहून घेतला. नऊ हजार एकशे बारा मीटर. तो जिथे जिथे टेकला होता, तिथे तिथे त्यांनी असंच केलं होतं. बूट घालताना मोजणीदाराने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. बोलून उपयोग नव्हता हे त्याला चौथ्या किलोमीटरलाच कळलं होतं.

सकाळी खाणीच्या फाटकाशी त्याने चाक शून्यावर आणलं, तेव्हा बाई आधीच तिथे हजर होत्या. तुम्ही शाळेत थांबा मॅडम, मी पोचतोच, असं त्याने दोनदा सांगून पाहिलं. बाईंनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि त्याच्या मागून चालायला लागल्या. सव्वीस वर्षं गणिताच्या वह्या तपासणाऱ्या मुख्याध्यापिकेने दुसऱ्याच्या मोजणीवर डोळे मिटून विश्वास ठेवावा, ही अपेक्षाच मुळात चुकीची होती.

खाणीतून सरकारला जी रॉयल्टी मिळते तिचा एक हिस्सा आसपासच्या गावांच्या विकासासाठी द्यायचा, असं ठरून तीन वर्षं झाली होती. त्यातलं पहिलं दीड वर्ष ‘आसपास’ म्हणजे कुठपर्यंत, हे ठरवण्यात गेलं. शेवटी नियम निघाला. खाणीच्या फाटकापासून दहा किलोमीटरच्या आत ज्या गावाची सार्वजनिक इमारत येईल ते गाव बाधित. त्यापलीकडचं गाव सुखी. अंतर वाहतुकीच्या रस्त्याने मोजायचं. फोनवर दिसणारं अंतर चालणार नाही, त्यासाठी वेगळं परिपत्रक. धूळ हवेतून येते, सुरुंगाचा हादरा जमिनीखालून येतो आणि दोघांपैकी कुणीही रस्त्याने चालत येत नाही, हे बाईंनी चार अर्जांत चार तऱ्हांनी लिहून पाहिलं. चारही वेळा एकच उत्तर आलं: आपला अर्ज विचाराधीन आहे.

इकडे शाळेच्या चारपैकी दोन खोल्यांना टाळं लागलं होतं. भिंतींना इतक्या भेगा गेल्या होत्या की इमारत तपासायला आलेला अभियंता आत न जाता दारातूनच ‘धोकादायक’ असं लिहून निघून गेला. त्र्याऐंशी मुलं उरलेल्या दोन खोल्यांत आणि ओट्यावर बसत होती. पुढच्या वर्षापर्यंत नव्या खोल्या झाल्या नाहीत तर वरचे तीन वर्ग शहरातल्या शाळेला जोडणार, असं पत्रच आलं होतं. शहर बसने सव्वा तास. बस दिवसातून दोन, त्यातली एक येईल तेव्हा खरी. त्या तीन वर्गांत एकोणीस मुली होत्या. त्यातल्या किती जणी रोज शहरात जातील आणि किती घरी बसतील, हे बाईंना नावानिशी सांगता आलं असतं.

पुढे वळण आलं आणि बाईंचं तोंड आपोआप कडू झालं.

शाळेच्या दारावरून येणारा जुना रस्ता इथून सरळ खाणीकडे जायचा. आता तिथे आडवा चर खणलेला होता आणि चरात झुडपं माजली होती. आठ वर्षांपूर्वी एका डंपरने शाळेचं कुंपण उडवलं, तेव्हा बाईंनीच गाव गोळा केला, सह्या घेतल्या, वरिष्ठांकडे खेटे घातले आणि खाणीची वाहतूक टेकडीला वळसा घालून न्यायला लावली. जुना रस्ता कायमचा बंद झाला. गावाने त्यांचा सत्कारसुद्धा केला होता. जुन्या रस्त्याने शाळा फाटकापासून जेमतेम सहा किलोमीटरवर होती. त्यांचा नवरा, जो त्याच खाणीत डंपर चालवतो, गेले सहा महिने रोज जेवताना एकदा तरी विचारायचा, “कुणी गं वळवला तो रस्ता?” पहिल्यांदा त्यांना हसू आलं होतं.

शाळेच्या पायरीला चाक टेकलं. मोजणीदाराने खिडकीतला आकडा पाहिला, मग बाईंना पाहू दिला. दहा हजार तीनशे ऐंशी.

ओट्यावरची मुलं पाढे म्हणायची थांबून बघत राहिली, तेव्हा बाईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं आणि पाढे पुन्हा सुरू झाले.

कार्यालयात, म्हणजे जिन्याखालच्या जागेत, त्यांनी मोजणीदाराला खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा ठेवला. त्याच्या टाचेला फोड आला होता. बाईंनी प्रथमोपचाराच्या पेटीतून पट्टी काढून दिली. माणूस वाईट नव्हता, आणि त्याचाच त्यांना जास्त राग येत होता. वाईट असता तर निदान भांडता आलं असतं. त्यांनी जुन्या रस्त्याचा विषय काढला, तर तो वाहतूकयोग्य नाही असं म्हणून तो खरोखर ओशाळला. मधल्या पायवाटेचं विचारलं, तर पायवाट नियमात बसत नाही. तीनशे ऐंशी मीटर म्हणजे शाळेच्या मैदानाच्या चार फेऱ्या, बाई म्हणाल्या, आमची पहिलीतली पोरं तेवढं मधल्या सुट्टीत पळतात. मोजणीदाराने हात टेकले.

“मॅडम, माझ्या हातात असतं तर फाटकच उचलून इकडे आणून ठेवलं असतं.”

बोलून गेला आणि स्वतःच थबकला. मग घाईघाईने पिशवीतून नकाशाची गुंडाळी काढली, टेबलावरचा हजेरीपट बाजूला सारून पसरली आणि बोट फिरवायला लागला. नकाशा नवा होता, गेल्याच महिन्यात कार्यालयात आलेला. त्याने तो अजून नीट उघडलाही नव्हता.

“सापडलं,” तो म्हणाला. “बाई, तुमचं काम झालं.”

सकाळपासून तो ‘मॅडम’ म्हणत होता, आता एकदम ‘बाई’वर आला, इतका त्याला आनंद झाला होता. नकाशावर टेकडीच्या अलीकडच्या बाजूला एक लहानसा चौकोन होता आणि त्याला ‘प्रवेशद्वार क्रमांक दोन’ असं नाव दिलेलं होतं. मंजूर झालेलं. नियमात फाटक म्हटलंय, कुठलं फाटक ते म्हटलेलं नाही, तो सांगत होता. तिथून ही शाळा सातशे मीटरसुद्धा भरत नाही. दहा किलोमीटर राहिले बाजूला, गाव थेट पहिल्या यादीत. दोन काय, चार खोल्या मागा.

बाईंना क्षणभर खरंच वाटलं की रडू येईल. तीन वर्षांचे हेलपाटे, आणि उत्तर एका चौकोनात. त्यांनी चष्मा पुसला आणि नकाशावर वाकल्या.

त्याच वेळी नवरा आला. पहिली पाळी संपवून घरी जाताना तो रोज शाळेत डोकावायचा. आनंदाच्या भरात मोजणीदाराने त्यालाही तो चौकोन दाखवला. नवऱ्याने डोक्यावरची टोपी काढली आणि नकाशा आपल्याकडे फिरवून पाहिला.

“इथे तर आम्ही महिनाभर रस्ता पाडतोय,” तो म्हणाला.

“आणि मला बोलला नाहीत?”

“माती टाकायला जागा करतोय असं सांगितलं होतं आम्हाला.”

“कुणी सांगितलं?”

“सांगितलं, एवढंच. मी काय विचारत बसू, डंपर चालवू की चौकश्या करू?”

त्याचा आवाज चढला तसा मोजणीदार खाली बघायला लागला. चौकोनापासून निघालेल्या, खाणीची नवी हद्द दाखवणाऱ्या तुटक रेघेवरून बाईंचं बोट हळूहळू पुढे जात होतं. रेघ टेकडीच्या पायथ्याने आली, ओढा ओलांडून अलीकडे उतरली, गावाच्या पिण्याच्या विहिरीला पोटात घेऊन वळली आणि परत टेकडीकडे गेली. शाळा रेघेच्या जेमतेम बाहेर होती. किती बाहेर, हे पट्टीशिवायही दिसत होतं. मग त्यांनी, मुलांना नेहमी वाचायला सांगतात तशा, नकाशाखालच्या बारीक अक्षरातल्या टिपा वाचायला घेतल्या. तिसऱ्या टिपेत लिहिलं होतं की नव्या हद्दीपासून एक किलोमीटरच्या आत सार्वजनिक निधीतून कोणतंही पक्कं बांधकाम करता येणार नाही.

त्यांनी टीप मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली, कारण पहिल्यांदा मोजणीदाराला ऐकू गेल्यासारखं दिसलं नाही.

“म्हणजे खोल्या मिळणार,” त्या म्हणाल्या, “पण इथे बांधता येणार नाहीत.”

“दुसरीकडे बांधता येतील,” मोजणीदार चाचरत म्हणाला. “गाव जिथे हलेल तिथे.”

“गाव कुठे हलतंय?”

तो कागद चाळायला लागला आणि नाइलाजाने त्यातून एक छापील नमुना त्याने बाहेर काढला. दुसऱ्या फाटकापासून अंतर धरायचं असेल तर हा वेगळा अर्ज भरायचा, त्याने सांगितलं, बाकी सगळं तेच, फक्त शेवटी एक ओळ जास्त आहे. त्या ओळीत, नव्या हद्दीस अर्जदार गावाची हरकत नाही, असं छापलेलं होतं. खाली सहीसाठी ठिपके होते.

“ती टीप मला खरंच माहीत नव्हती,” तो म्हणाला.

बाईंचा त्याच्यावर विश्वास बसला. नकाशा काढणाऱ्याला विहीर माहीत नव्हती, रस्ता पाडणाऱ्याला फाटक माहीत नव्हतं, मोजणाऱ्याला टीप माहीत नव्हती. जो तो आपापलं काम चोख करत होता आणि सगळ्यांनी मिळून गाव पुसत आणलं होतं. त्यांना वाटलं, नकाशाचा बोळा करावा आणि खिडकीतून फेकून द्यावा. त्याऐवजी त्यांनी त्याची नीट गुंडाळी केली आणि मोजणीदाराच्या हातात दिली.

नवरा हळू आवाजात म्हणाला, “सही केलीस तर निदान शाळा मिळेल. न करून ते थांबणार आहेत का? काय बोलायचं ते बोलून घे, पण पोरींचा विचार कर.”

ओट्यावर आता मोठ्या मुली कविता म्हणत होत्या. वरच्या वर्गाची एक मुलगी सगळ्यांच्या पुढे जाऊन शेवटची ओळ आधीच म्हणून टाकायची, रोजच्यासारखी आजही तिने तेच केलं आणि बाकीच्या हसल्या. बाईंनी ते ऐकलं. त्यांना पोरींचाच विचार येत होता, दुसरं काही सुचतच नव्हतं.

“काय लिहू?” मोजणीदाराने विचारलं.

“जे मोजलंत ते लिहा. दहा किलोमीटर तीनशे ऐंशी मीटर.”

“मग गाव बाधित धरलं जाणार नाही. खोल्या जातील.”

“माहीत आहे मला.”

त्या दुसरीकडे पाहायला लागल्या. मोजणीदाराने पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. नवरा टोपी हातात फिरवत भिंतीला टेकून उभा राहिला. अहवालाची पाच वाक्यं लिहायला मोजणीदाराला पंधरा मिनिटं लागली. लिहून झाल्यावर त्याने कागद वाचायला दिला. सदर गाव खाणीच्या प्रवेशद्वारापासून दहा किलोमीटरहून अधिक अंतरावर असून खाणीच्या प्रभावक्षेत्राबाहेर आहे. बाईंनी लाल पेनाने ‘प्रत्यक्ष मोजणीनुसार’ हे दोन शब्द वर घालायला लावले, त्यावर त्याची आद्याक्षरं घेतली आणि मग स्वतःची सही केली.

“एक शिक्क्याची प्रत मला द्या.”

“प्रत कशाला? निकाल तुमच्या विरोधात गेलाय.”

“म्हणूनच हवी,” बाई म्हणाल्या. “खाण आमच्यापासून दहा किलोमीटरहून लांब आहे, असं तुमचंच कार्यालय म्हणतंय. मग आमची विहीर त्यांच्या हद्दीत कशी येते, ते आता त्यांनी सांगावं. हरकतीच्या अर्जाला हा कागद जोडणार आहे मी.”

मोजणीदाराने पिशवीतून शिक्का काढला. शाईची पेटी सुकत आली होती. त्याने शिक्का त्यात घासला आणि प्रतीवर मारला.

“हरकतीच्या अर्जावर दुसरी सही लागते,” नवरा एकदम म्हणाला. “गावातल्याच माणसाची. मी करतो.”

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांनी प्रत खिडकीच्या उजेडात धरली. शिक्क्यातली तारीख वाचता येत नव्हती. त्यांनी कागद टेबलावर ठेवला, शाईच्या पेटीत बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले आणि ती मोजणीदारासमोर सरकवली.

“पुसट आलाय. पुन्हा मारा.”