हळूबाईची बरणी

वर्गात माझं नाव भोंगा. उत्तर माहीत असो नसो, आवाज माझाच आधी. दोन वर्षं विज्ञान प्रदर्शनात पालकांसमोर बोलायला मॅडम मलाच उभं करत होत्या. यंदाही करणार हे धरूनच आईने दवाखान्यातली शनिवारची पाळी बदलून घेतली होती. ती नर्स आहे.

सातवीच्या मध्येच ती नवी मुलगी आली. इतकं हळू बोलायची की पहिल्याच दिवशी मी तिची हळूबाई करून टाकली.

विषय होता, पृथ्वी का तापते. आमच्या मॅडमना एक खोड आहे, त्या कुणालाच चूक किंवा बरोबर म्हणत नाहीत. जो जे सांगेल ते त्याच्या नावासकट फळ्यावर लिहितात आणि म्हणतात, आता करून दाखव. मी सांगितलं, ओझोनला छिद्र पडलंय, त्यातून सूर्याची उष्णता आत घुसते. याच चित्राला पाचवीत मला बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे निम्म्या वर्गाने माना डोलावल्या. हळूबाई म्हणाली, उष्णता येते तशी परतही जाते, पण धुरातले वायू तिला अडवतात म्हणून ती साठते. मॅडमनी तेही लिहिलं, आणि माझ्यापेक्षा जरा सुबक अक्षरात लिहिलं. तेवढ्यानेच माझ्या पोटात दुखायला लागलं.

शुक्रवारी बरण्या मांडल्या. सारख्या काचेच्या, आत थर्मामीटर, वर दिवा. माझ्या बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा कागद आणि त्याला मधोमध चांगलं मोठं भोक. तिच्या बरणीवर अख्खा कागद, रबर लावून ताणलेला. जिची बरणी जास्त तापेल तिने उद्या बोलायचं असं ठरलं होतं. वीस मिनिटांनी मॅडमनी आकडे लिहिले. माझे अठ्ठावीस, तिचे चौतीस.

हळूबाई हसलीसुद्धा नाही. हसली असती तर निदान चिडायला कारण मिळालं असतं. मला तिचा हेवा वाटत होता, तिच्या न हसण्याचाही.

मधल्या सुट्टीत मॅडमनी आणखी एकदा आकडे घ्यायचे म्हणून दिवे तसेच ठेवले. सगळे पाणी प्यायला गेले. मी कंपासपेटीतलं कर्कटक काढलं, तिच्या कागदात खुपसलं आणि ते भोक बोटाने चांगलं फाडलं.

सुट्टीनंतर तिचा पारा एकोणतीसवर आला होता. मॅडमनी तो कागद उजेडात धरला. आता माझी धडगत नाही असं मला वाटलं, पण त्या शांतच होत्या.

"हे कुणी केलं ते मी विचारणार नाही," त्या म्हणाल्या. "पण जिने केलं तिला पक्कं ठाऊक होतं, भोक पाडलं की उष्णता बाहेर जाते."

मी फळ्याकडे पाहिलं. माझ्या नावापुढे अजून लिहिलेलं होतं, छिद्रामुळे तापते. ते मला खरं वाटत असतं तर तिला हरवायला मी भोक पाडलंच नसतं. माझे कान तापले. मी उभी राहिले.

"मॅडम, माझं वाक्य पुसा. कागद मी फाडला."

भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच मागच्या बाकापर्यंत पोचला नाही. मॅडमनी वाक्य पुसलं. ओझोनचं छिद्र खरंच आहे, म्हणाल्या, पण त्यातून त्वचेला अपाय करणारे किरण येतात, ते दुखणं वेगळं.

शनिवारी टेबलापाशी हळूबाई उभी राहिली. मी आईशेजारी बसले. कार्यक्रमात बदल झाला, एवढंच मी आईला सांगितलं होतं. हळूबाईने सगळा प्रयोग सांगितला, तिच्या त्या पुसट आवाजात, आणि अख्खी खोली कान देऊन ऐकत होती. शेवटी तिने फाटका कागद वर धरला.

"कागद फाडून बघायचं मला सुचलंच नव्हतं," ती म्हणाली. "ते तिला सुचलं."

तिने माझ्याकडे बोट दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आईने कौतुकाने माझ्या पाठीवर हात ठेवला, आणि त्या हाताखाली बसून मला हळूबाईचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्या चौतीस आकड्यानेही वाटला नव्हता.