मिटलेल्या पापणीवरचा आवाज

मी स्टेथोस्कोप. कुणाच्या तरी गळ्यात पडून राहणं हाच माझा धंदा. गेली सहा वर्षं मी आमगावच्या एका दवाखान्यात डॉक्टर रविताच्या गळ्यात आहे. मला पाहिलं की माणसं न सांगताच मोठमोठे श्वास घेऊ लागतात, त्याची मला मौज वाटते. भीती म्हणजे काय, ते मात्र परवा कळलं.

कामठ्याची शामकला आली, सोबत नवरा इंद्रकुमार. महिन्यापूर्वी ती मोटारसायकलवरून डोक्यावर पडली होती. मग उजवा डोळा लाल झाला. आठ दिवसांपूर्वी रविताने डोळे आले असं समजून थेंब दिले होते. तेव्हा मी नुसता छातीला टेकून परत आलो. आता तो डोळा खोबणीतून पुढे आला होता आणि बाहेरच्या बाजूला वळतच नव्हता. एकाची दोन माणसं दिसतात म्हणून ती तो पदराने झाकून बसली होती.

"कानात गिरणी चालून राहिली, मॅडम," ती म्हणाली.

इंद्रकुमार हसला. "घरच राइस मिलले लागून आहे आमचा. आवाज तं येतेच."

घरात हेच सांगून तिला गप्प केलं असणार. रविताचा हात मात्र थांबला. "इथं कुठं आहे मिल? आता येऊन राहिला का आवाज?"

"आताबी येऊन राहिला."

रविताने पंखा बंद केला, तिला डोळे मिटायला लावले आणि मला अलगद पापणीवर ठेवलं. तिथे मी आजवर कधी टेकलो नव्हतो. आत झूं... झूं... चाललं होतं, नाडीच्या दर ठोक्याबरोबर. मला धडकी भरली.

"डोळ्यामागची धमनी फाटली आहे," रविता म्हणाली. "तिचं रक्त जोराने शिरेत घुसतंय, त्याचाच हा आवाज. त्यानेच डोळा वळवणारी नस दबली. आजच नागपूरला न्या." मग खाली बघत म्हणाली, "आठ दिवस मीच घालवले."

"वाचते ना डोरा?" इंद्रकुमारने विचारलं.

रविताने गाडीसाठी फोन लावला.

दोन दिवस झाले, नागपूरहून काही कळलेलं नाही. रविता आता प्रत्येक लाल डोळ्यावर मला टेकवते. "डोऱ्याले कायले लावता जी हे?" लोक हसत विचारतात.

हसू नका. घडीभर श्वास धरा आणि मला ऐकू द्या. आत काहीच ऐकू येऊ नये, एवढंच मागणं घेऊन मी प्रत्येक पापणीवर उतरतो.