पोपटशेठ दोन तुकड्यांवर थांबले

मानपाड्याच्या पोपटशेठ म्हात्रेंनी तांदळाची अर्धी भाकरी ताटात टाकली, तेव्हा गोदाला पहिला संशय आला तो स्वतःच्याच हाताचा. एकोणतीस वर्षांच्या संसारात या माणसानं ताटात काट्यांखेरीज काही ठेवलं नव्हतं. तिनं कालवण चाखून पाहिलं, मीठ बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी मसाल्याचा डबा बदलला, तिसऱ्या दिवशी मासळीवाली बदलली. पोपटशेठ मात्र चार घास खायचे आणि हात धुवायला उठायचे.

मग संशय नवऱ्यावर गेला. घरी जेवत नाही तो बाहेर जेवत असणार. त्यात मुलगा हितेश दर रविवारी सकाळी बापाला ‘जरा ऑफिसात’ घेऊन जायचा आणि अर्ध्या तासात परत आणायचा. रविवारी कसलं ऑफिस? सून कल्पिताला विचारलं तर ती मोबाइलमध्ये डोकं घालून बसली. डोंबिवलीत कोणीतरी बाई आपल्या नवऱ्याला करून घालतेय, अशी गोदाची खात्रीच पटली. नवऱ्याचे शर्ट ढगळ होत चालले होते, हे काही या खात्रीत बसत नव्हतं. तिकडे तिनं काणाडोळा केला.

अशात चुलतदीर राघोच्या मुलीची, दर्शनाची, हळद आली. पंचक्रोशीत पोपटशेठच्या खाण्याला मान होता. त्यांच्या एकशेएकवीस किलोंकडे बघूनच यजमानाला भरवसा वाटायचा. हळदीच्या पंगतीत पहिलं वाढप त्यांना. त्यांनी मान डोलावली की मांडव जेवायला लागायचा. शिवाय राघोशी बांधावरून चार वर्षं अबोला होता, तो गेल्याच वर्षी मिटलेला. म्हणून राघो स्वतः मटणाचं पातेलं घेऊन उभा राहिला.

पोपटशेठनी दोन तुकडे खाल्ले आणि ताटावर हात आडवा धरला. राघोनं आग्रह केला. हात तसाच. राघोनं आत जाऊन निवडक तुकडे आणले, तरी हात हलेना. शेजारच्यानं आपलं मटण हळूच हुंगलं. त्याच्या शेजारच्यानं घास खाली ठेवला. बघता बघता मांडवाच्या टोकापर्यंत बातमी गेली की पोपटशेठ खात नाहीत, म्हणजे मटणात काहीतरी आहे. दोनशे माणसं हात आखडून बसली.

राघोचा चेहरा उतरला. “चार वर्सांचं मनात ठेवून माज्या पोरीच्या हलदीला आलास काय?” तो म्हणाला.

बायकांच्या पंगतीतून गोदा बघत होती. पोपटशेठ गुडघ्यांवर हात रोवून कसेबसे उठले. म्हणाले, “मटन झकास हाय रं. मीच सुई घेतंय, वजन उतरायची. हप्त्याला एक. भूकच लागत नाय मना.”

मागून कोणीतरी विचारलं, कुठली सुई? पाच मिनिटांत मटण निर्दोष सुटलं आणि अकरा जणांनी डॉक्टरचा नंबर घेतला. त्यात पहिला राघो.

दुसरी बाई नाही म्हणून गोदाला हायसं वाटलं. पण नवऱ्याचं दुखणं आपल्याला दोनशे लोकांबरोबर कळलं, याचा राग मोठा होता. सुया हितेशच्या ऑफिसातल्या फ्रिजमध्ये राहत होत्या आणि सुनेलाही सगळं ठाऊक होतं, हे कळल्यावर तर ती दोन दिवस घरात कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे निघताना ती नवऱ्याच्या आधी रिक्षात जाऊन बसली.

डॉक्टर लेले बाई तिच्या सुनेच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी शांतपणे समजावलं. साखर आणि वजन दोन्ही वाढलेलं, म्हणून यांना हे औषध. डोस थोडा सुरू करून हळूहळू वाढवायचा, मळमळ होते म्हणून सावकाश जेवायचं. औषध फक्त भूक कमी करतं. चालायचं आपल्यालाच असतं. चरबीबरोबर अंगातलं मांसही झडतं, म्हणून डाळ, अंडी, मासे चुकवायचे नाहीत. आपल्या मनानं बंद केलं तर भूक परत येते, वजनही.

यातला मासे हा शब्द गोदानं पकडला. तळलेले का, असं विचारलं. कालवणातले, असं उत्तर आलं. तेही तिनं विचार करून मान्य केलं.

“पन डाक्टरीन,” ती शेवटी म्हणाली, “हे जेवनार नाय, तर मी दिवसभर करू काय?”

लेले बाईंकडे याला गोळी नव्हती. त्यांनी गोदाचीही साखर तपासायला सांगितली.

सात महिन्यांत पोपटशेठ एकशेतीनवर आले. राघोला डॉक्टरांनी परत पाठवलं. त्याला दुखणं काही नव्हतं आणि औषधाला लागेल एवढं वजनही नव्हतं. हा अपमान त्याला सोसवेना. वाढवून येतो, असं तो त्यांच्या तोंडावर सांगून आला.

पूर्वी पोपटशेठचं जेवण तास-दीड तास चालायचं आणि गोदा तव्यापाशी उभी. ती जेवायची तीन वाजता, उरलंसुरलं. आता दीडलाच ओटा मोकळा व्हायला लागला. एके दुपारी काय करावं न सुचून तिनं आपलं ताट त्यांच्या शेजारी मांडलं. बोईट माशाचं कालवण होतं. पोपटशेठ सांगितल्याप्रमाणे सावकाश चावत होते, आणि चावता चावता तिच्याकडे बघत होते.

“काय बघताव?” तिनं विचारलं.

“तू जेवताना डोले मिटतंस,” पोपटशेठ म्हणाले. “मना ठावंच नवतं.”