पॅनेलची रुंदी

नव्या प्रोग्रामच्या स्क्रीनवर माहितीचं पॅनेल कुठे ठेवायचं आणि किती रुंद ठेवायचं, यावर ऑफिसात तीन आठवडे डोकेफोड झाली. शेवटी कंटाळून सगळ्यांनी तो निर्णय धाकट्याच्या गळ्यात मारला. घरात तो धाकटा, ऑफिसातही वयाने सगळ्यांत लहान. दोन्हीकडे त्याला त्याच नावाने हाक मारत. प्रोग्राम इस्पितळांसाठी होता. रुग्णाला कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, ते या पॅनेलमध्ये दिसणार होतं. धाकट्याने आपल्या भल्यामोठ्या स्क्रीनकडे पाहिलं आणि पॅनेल उजवीकडे, खाली, चार बोटं रुंद ठेवून दिलं. दिसायला सुटसुटीत होतं.

"ज्याला मोठं हवं तो ओढून घेईल," तो म्हणाला, आणि सगळे सुटल्यासारखे चहाला गेले.

ओढून घेणाऱ्यांत त्याची सख्खी मोठी बहीण होती. ताई नर्स. वॉर्डातला स्क्रीन जुना, वीतभर. त्यावर पॅनेलची शेवटची ओळ कडेखाली गडप व्हायची, आणि ॲलर्जी नेमकी त्याच ओळीत. ताई ते ओढून मोठं करायची. पाळी बदलली, दुसऱ्या कुणी लॉगिन केलं, की ते पुन्हा होतं तेवढंच.

"अरे, तुझं ते पॅनेल रोज आक्रसतं," ती एकदा जेवताना म्हणाली.

"मग रोज ओढ. तेवढाच व्यायाम."

धाकट्याच्या विनोदाला हसायची घरात सवयच होती. तीही हसली.

मग एका सकाळी दोन अत्यवस्थ रुग्ण एकदम आले. ताई एकटी. त्या धांदलीत तिने पॅनेल ओढलं नाही आणि इंजेक्शन दिलं. बाई चाळिशीची होती, नेमकी त्याच औषधाची ॲलर्जी असलेली. अर्ध्या तासात गेली.

चौकशी समितीने कंपनीला विचारलं, पॅनेल मोठं करता येतं का? साहेबांनी कळवलं, येतं. त्यात खोटं एक अक्षर नव्हतं. ते वाचून धाकट्याने स्वतः समितीला चार पानं लिहिली. आकार मी ठरवला. वाढवलेला आकार टिकत नाही, हे मला माहीत होतं. दोष माझा. नोकरी जाणार हे दिसत असूनही त्याने खाली सही ठोकली.

सुनावणीत समितीच्या अध्यक्षबाईंनी चारही पानं वाचून चष्मा काढला आणि ताईकडे पाहिलं.

"तुम्ही यांचे कोण?"

"भाऊ."

"सख्खे?"

"हो."

"मग बहिणीसाठी एवढं लिहिणारच तुम्ही," बाई अगदी मायेने म्हणाल्या आणि पानं बाजूला सारली. सुनावणीला आलेले ऑफिसातले बाकीचे आपापल्या फायली चाळत बसले होते.

ताईचा परवाना रद्द झाला. जिन्यात धाकट्याने तिचा हात धरला.

"ताई, माझ्यामुळे झालं गं सगळं."

ती रडली असती, निदान एक थोबाडीत दिली असती, तरी त्याला सोसलं असतं. ती पायरीवर बसली.

"ती बाई सुईला घाबरत होती रे," ताई म्हणाली. "मला विचारलं, काही होणार नाही ना? मी म्हटलं, काही होत नाही, डोळे मीट."