रडायला फुरसत नको म्हणून

वहिनीची तक्रार एकच होती, की दादा मनातलं बोलत नाही. शेवटी कंटाळून ती बहिणीकडे राहायला गेली. दुसरा कुणी असता तर उठून गेला असता, चार शब्द बोलला असता. आमच्या दादाने अल्बम काढायचं ठरवलं. सरळ रस्ता दिसला की आमच्या घराण्याला चक्कर येते.

आमचा बँड पॉवर पॉपचा. म्हणजे गिटार दणदणीत, चाल गोड आणि शब्द रडके. दादा गायचा, मी बेस गिटारवर आणि ड्रमवर आमच्या कोपऱ्यावरचा गादीवाला. दुपारी त्याच्या दुकानात कुणी फिरकायचं नाही, म्हणून आवाज घुमू नये अशा गाद्या भिंतींना उभ्या करून तिथेच रेकॉर्डिंग.

पण 'परत ये' ही ओळ आली की दादा रडायला लागायचा. पहिल्यांदा आम्हीही गहिवरलो. नंतर गादीवाला जांभया द्यायला लागला.

"गायकसाहेब, नाक पुसा. माइकमध्ये सूंसूं येतंय."

"मला नाही रे जमत."

"मग जोरात पळवू गाणं. रडायला फुरसतच नको."

तोडगा लागू पडला. गाणं पुढे, दादा धापा टाकत मागे, आणि रडू कुठल्या कुठे. सगळा अल्बम आम्ही असाच उरकला.

आणि तो चक्क चालला. जिममध्ये लोक 'परत ये'वर दोरीच्या उड्या मारायला लागले. पेपरात छापून आलं, 'यंदाचा सर्वांत आनंदी अल्बम'. गादीवाल्याने ते कात्रण डबलबेडच्या गादीवर टाचलं.

"लोकांचं सोड," दादा म्हणायचा. "तिला कळेल."

एका दुपारी आम्ही दुकानात असतानाच वहिनीचा फोन आला. दादा गिटारची तार बदलत होता, त्याने घाईघाईत स्पीकरच चालू केला.

"अल्बम ऐकला रे. सगळा."

"शब्द ऐकलेस?"

"एवढ्या घाईत शब्द कसले कळतायत? पण काय खुशीत गातोयस तू!" वहिनी खळखळून हसली. "मला सारखी धास्ती, हा खचला असेल. म्हणून घटस्फोटाच्या कागदांवर सही करवत नव्हती. आता करते."

गादीवाला उगाच एक उशी झटकत बसला. मी दादाला खुणा करत होतो, बोल, आता तरी बोल.

"खरंच बरा आहेस ना?" तिने विचारलं.

"हो गं. मजेत."

फोन ठेवल्यावर मी त्याच्यावर उखडलो. "अरे, सांगायचंस की!"

दादा अर्धी लावलेली तार बोटाला गुंडाळत राहिला.

"किती मोकळं हसली रे ती," तो म्हणाला. "माझ्याशी बोलताना."