नदी चढली तेव्हा

वर्ना कोसिक नाट्यगृहांमागच्या नदीकाठच्या बागेत पोचली, तेव्हा खालच्या वाटेला साखळी लावलेली होती. अ‍ॅलेगेनी नदी चढली होती आणि वाटेवरून गढूळ पाणी वाहत होतं. भाऊ लिऑनने काल मेसेज करून तिला खालच्या बाकांपाशीच बोलावलं होतं. आईच्या अंत्यविधीला तो आला नव्हता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं. आता तो फोनही उचलत नव्हता.

खाली पाण्यात तपकिरी कोटातला एक माणूस पाठमोरा उभा दिसला. लिऑनचा कोटही तसाच होता.

"लिऑन, वर ये." पुलावरच्या गाड्यांच्या आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही. ती साखळी ओलांडून उतारावरून खाली गेली. पाणी घोट्यापर्यंत आलं. तिने त्याची बाही धरली, तसा तो वळला. तो कॅमेरा घेतलेला कुणी अनोळखी माणूस होता.

"बाई, मी फोटो काढतोय."

"वर्ने, वेडी झालीस का?" वरून हाक आली. कठड्याशी लिऑन उभा होता, पांढराफटक.

"तूच खाली बोलावलंस ना?"

"तेव्हा खाली कोरडं होतं."

ती वळली आणि गाळात तिचा पाय घसरला. ती गुडघ्यावर पडली. लहानपणापासून पाण्याला भिणारा लिऑन साखळी ओलांडून खाली आला आणि त्याने तिचं मनगट घट्ट धरलं.

"दुखतंय, सोड आता."

"वर गेल्यावर," तो म्हणाला.